ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट संपली तरी फाईल कपाटावर टाकू नका

आईचं शेवटचं रेडिएशन झालं आणि घरात सगळे म्हणाले सुटलो एकदाचे, फाईल गेली कपाटावर. तसं करू नका बगा. काही दुखत नसलं तरी पहिली ३ वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायचं, चौथ्या-पाचव्या वर्षी ६ ते १२ महिन्यांनी, पुढं वर्षातनं एकदा. मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) दरवर्षी, एक बाजू पूर्ण काढली असेल तर दुसऱ्या बाजूची, आणि रेडिएशन झालेलं असेल तर पहिली मॅमोग्राफी ते संपल्यावर कमीत कमी ६ महिन्यांनी. पेट (PET) स्कॅन, म्हणजे कॅन्सर शोधायचा अंगाचा स्कॅन, आणि रक्तातले कॅन्सरचे मार्कर त्रास नसताना दरवेळी करायची गरज नसते, उगाच पैसे जातात आणि जिवाला घोर.

टॅमॉक्सिफेन, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून द्यायची हार्मोनवरची गोळी, ५ वर्षं, कुणाला १० वर्षंपण असते. अंगातनं गरम वाफा येतात म्हणून आईनं महिनाभर परस्पर बंद केली होती, आम्हाला पत्ताच नाही! डॉक्टरांना सांगा, वाफांवर उपाय असतो. पाळी कायमची गेल्यावर परत अंगावरनं रक्त गेलं किंवा एकच पाय सुजून दुखायला लागला तर त्याच दिवशी जायचं. लेट्रोझोल (हीपण हार्मोनवरचीच गोळी) चालू असेल तर हाडं ठिसूळ होऊ शकतात, डेक्सा म्हणजे हाडांच्या मजबुतीची तपासणी विचारून घ्या.

हाताचं मात्र कोण नीट सांगत नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात वर्षांनीसुद्धा सुजू शकतो, आणि आमच्या बायका भात लावणीला, उसाच्या भांगलणीला जाणारच. आईला उसाचा पाला कापला, एवढासा ओरखडा, दुसऱ्या दिवशी हात लालभडक, गरम, अंगात ताप. लगेच नेलं म्हणून अँटिबायोटिकवर भागलं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जा, जखम धुवून मलम लावा, आणि रोजच्या बांगड्या घट्ट वाटायला लागल्या की थांबू नका, दाखवा. व्यायाम सोडायचा नाही, हळूहळू वाढवायचा.

नवीन गाठ, हाडात न थांबणारं दुखणं, बरेच दिवसांचा खोकला, धाप, कावीळ, असं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

आपल्याकडं सीमाभागात कुणाचं ऑपरेशन बेळगावला, रेडिएशन कोल्हापूरला नाहीतर मिरजेला, कागद दोनीकडं, गावातली नर्स कन्नड बोलणारी आणि आई मराठीत उत्तर देणारी. म्हणून सगळ्या कागदांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, मराठीत आणि कन्नडमध्येपण: ऑपरेशन कुठल्या बाजूचं, कधी झालं, गोळी कुठली चालू, पुढची तारीख काय.