वाशीचा भाव आणि घरची पट्टी: बॉक्स ऑफिसच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

२०१७ चा मे महिना. देवगडला आमच्या घरी आंब्याचा शेवटचा तोडा चालू होता आणि मला अंधेरीतल्या एका वितरण कंपनीत लागून जेमतेम आठ महिने झाले होते. ‘दंगल’ ५ मे रोजी चीनमध्ये लागला होता. ऑफिसात रोज सकाळी कोणीतरी नवा आकडा मोठ्याने वाचायचं. एका रविवारी मी फोनवर बाबांना फुशारकीने सांगितलं, की आपला सिनेमा चीनमध्ये हजार कोटींच्या घरात जाणार म्हणतायत. पलीकडे ते पेटीत पेंढा भरत असावेत, खसखस ऐकू येत होती. जरा थांबून म्हणाले, “गो बाय, ह्यो सगळो वाशीचो भाव. पट्टी किती इली ता सांग.”

मला सांगता आलं नाही. बी.कॉम. झाले होते, एक्सेल येत होतं, आकडे मीच भरत होते, पण त्यातले कोणाच्या घरी किती जातात हे मी कोणाला विचारलंच नव्हतं.

ज्यांच्या घरी बाग नाही त्यांच्यासाठी सांगते. वाशी म्हणजे नवी मुंबईतला घाऊक बाजार, आमचा आंबा तिथे विकला जातो. पट्टी म्हणजे दलालाकडून येणारा हिशोबाचा कागद. आमच्याकडे त्या पातळ गुलाबी कागदाच्या असायच्या, कार्बनची निळी अक्षरं, निम्मी पुसट. वर पेट्या आणि भाव, खाली गाडीभाडं, हमाली, तोलाई, दलाली, आणि तळाला जे उरेल ते आपलं. मुहूर्ताच्या पेटीचा भाव पेपरात छापून यायचा. त्या भावाने आमची दुसरी पेटी कधी गेल्याचं मला आठवत नाही. सिनेमाचा पहिला शुक्रवार-शनिवार-रविवार म्हणजे ही मुहूर्ताची पेटी.

या कामात यायचं असेल तर आधी आपल्याकडची पट्टी वाचायला शिका, परदेश नंतर. समजा मल्टिप्लेक्सचं तिकीट २३६ रुपयांचं आहे. ते झालं ग्रॉस. शंभर रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६ रुपये सरकारचे. उरले २०० ते नेट. या नेटमधून थिएटर आपला भाग ठेवतं आणि वितरकाकडे येतो तो शेअर. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं भांडण होऊन दोन महिने मोठे हिंदी सिनेमे लागलेच नव्हते. त्यानंतरच्या तडजोडीत पहिल्या आठवड्याला नेटच्या ५० टक्के, दुसऱ्याला ४२.५, तिसऱ्याला ३७.५ आणि पुढे ३० असं ठरलं. करार सिनेमागणिक हलतो, पण हिशोबाची सुरुवात आजही तिथूनच करतात. म्हणजे आपल्या २३६ मधले वितरकाला पहिल्या आठवड्यात शंभर, चौथ्यात साठ. त्यातून जाहिरात, डिजिटल प्रिंटचा खर्च आणि कमिशन वजा होऊन निर्मात्याकडे काय ते जायचं. पेपरात मात्र २०० नाहीतर २३६ च छापतात.

आता बाबांच्या प्रश्नाकडे. ‘दंगल’ने चीनमध्ये १९ कोटी डॉलरच्या वर धंदा केला, तेव्हाच्या दराने बाराशे कोटी रुपयांहून जास्त. चीनमध्ये परदेशी सिनेमा आणायच्या ढोबळ दोन वाटा आहेत. एका वाटेत तिकीटबारीत हिस्सा मिळतो. २०१२ साली अमेरिकेशी झालेल्या समझोत्यात अशा सिनेमांची संख्या वर्षाला २० वरून ३४ वर गेली आणि हिस्सा २५ टक्क्यांवर. दुसऱ्या वाटेत ठरावीक रक्कम घेऊन हक्क विकून मोकळं व्हायचं, जसं दशावतारी कंपनी रात्रीचे ठरलेले पैसे घेते, मग जत्रेला माणसं शंभर असोत की पाच हजार. हिश्श्याचा २५ टक्के दर धरला तरी बाराशे कोटींचे तीनशे होतात. तीनशे कोटी कमी नाहीत! पण ते बाराशे नाहीत, आणि बाराशेवर उड्या मारणाऱ्या ऑफिसात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते कॅशवर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या गुजराती काकांनी, चहा पिता पिता, चहाच्याच बिलाच्या पाठीवर. ऑफिसात असा माणूस शोधून ठेवा. प्रेझेंटेशन करणारे पुष्कळ भेटतात.

माझी पहिली मोठी चूकही त्याच वर्षातली. सोमवारी सकाळी ओव्हरसीजचा आढावा द्यायचा असे: अमेरिका-कॅनडा, ब्रिटन, आखात, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड. ऑस्ट्रेलियाच्या तक्त्यात नुसतं डॉलरचं चिन्ह होतं. मी अमेरिकन डॉलरच्या दराने गुणलं. अमेरिकन डॉलर तेव्हा पासष्टच्या आसपास, ऑस्ट्रेलियन पन्नाशीच्या. आकडा तीस टक्क्यांनी फुगला, वरच्या साहेबांनी तो तसाच पुढे पाठवला आणि दुपारी निर्मात्याच्या माणसाचा फोन आला की शेअरचा हिशोब जुळत नाही. त्या दिवशी जेवणाचा डबा उघडलाच नाही. तेव्हापासून माझ्या तक्त्यात चलनासाठी वेगळा रकाना असतो आणि दर कोणत्या तारखेचा तेही शेजारी लिहिलेलं असतं.

त्याच्याच जोडीची आणखी एक चूक आहे, ती नवखेच करतात असं नाही. भारताचा आकडा नेटमध्ये सांगायची आपली जुनी सवय, परदेशचा येतो ग्रॉसमध्ये. दोन्ही तसेच बेरजेला लावून ‘जगभरात इतके कोटी’ म्हणणारे आजही दिसतात. बेरीज करायची तर दोन्हीकडे ग्रॉस घ्या.

नकाशाही नवा शिकावा लागतो. अमेरिकेच्या ‘डोमेस्टिक’मध्ये कॅनडा असतो. आपल्याकडे कोकण, पश्चिम महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात हे सगळं मिळून ‘मुंबई’ टेरिटरी, म्हणजे वितरणाचा विभाग, विदर्भ आणि खानदेश सीपी-बेरारमध्ये (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड), मराठवाडा निजाममध्ये. निजाम गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, सिनेमाच्या वह्यांत जुन्याच सरहद्दी. मराठी सिनेमाचा हिशोब तीन टेरिटरीत फाटलेला बघून पहिल्यांदा मला हसूच आलं होतं. पुढे मराठवाड्याच्या एका थिएटरची वसुली कोणत्या वहीत शोधायची यावर अर्धा दिवस गेला, तेव्हा हसू थांबलं.

आखात हे कोकणातल्या मुलांना निम्मं माहीतच असतं. खेड, रत्नागिरी, श्रीवर्धनकडची कितीतरी घरं तिकडच्या पैशावर उभी आहेत आणि दुबईत शुक्रवारी हिंदी सिनेमाला गर्दी का व्हायची हे तिथल्या कुठल्याही मामाला विचारा. पण कॅलेंडर सांभाळा. अमिरातीत १ जानेवारी २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवारची झाली, आधी ती शुक्रवार-शनिवारची होती. त्याआधीच्या आणि नंतरच्या सिनेमांचे पहिले तीन दिवस एकाच मापाने मोजले तर घोटाळा होतो. सौदीत तर पस्तीसेक वर्षं थिएटरंच बंद होती, पहिलं पुन्हा उघडलं एप्रिल २०१८ मध्ये, रियाधला. त्यामुळे ‘आखातात धंदा वाढला’ असं लिहिताना प्रेक्षक वाढला की नवा देश उघडला, हे वेगळं काढावंच लागतं. रमजानचा महिना, चिनी नववर्ष, जपानचा गोल्डन वीक हा सुट्ट्यांचा आठवडा, हेही भिंतीवर लावून ठेवा.

फ्रान्स आणि दक्षिण कोरिया मला म्हणूनच आवडतात. तिथे पैशापेक्षा तिकिटं किती फाटली ते सांगायची पद्धत. पेट्या किती गेल्या ते मोजा, भाव वर्षागणिक बदलतो, हे बागायतदाराला पटवून द्यावं लागत नाही. कोरियाच्या फिल्म कौन्सिलचा रोजचा आकडा तर कोणालाही उघड बघता येतो. शिकायला त्याहून चांगली वही नाही. आपल्याकडे अशी एकच सरकारी वही नाही, आणि म्हणून एकाच सिनेमाचे तीन वेगळे आकडे फिरतात.

मोठं चित्र थोडक्यात. २०१९ मध्ये जगभरची तिकीटबारी सुमारे ४२ अब्ज डॉलरची होती, त्यातले अमेरिका-कॅनडाचे ११ अब्जांच्या आसपास. चीनमधले पडदे २०१६ अखेर ४१ हजारांच्या घरात जाऊन अमेरिकेपुढे गेले, आणि २०२० मध्ये, कोविडच्या पडझडीत, चीनची तिकीटबारीही जगात पहिली आली. मी लागले तेव्हा ‘आंतरराष्ट्रीय बाजार’ म्हणजे हॉलिवूडचा माल बाहेर किती खपतो, असाच अर्थ धरायचे. २०२५ मध्ये ‘नेझा २’ या चिनी ॲनिमेशनपटाने दोन अब्ज डॉलर ओलांडले आणि ते जवळजवळ सगळे चीनमधलेच. ज्याचं मोठं अंगण त्याला निर्यातीची घाई नाही, असं आता दिसतं. आपल्या लोकांनी ‘दंगल’नंतर चीन हातात आल्यासारखी भाषा केली. जानेवारी २०१८ मध्ये ‘सिक्रेट सुपरस्टार’ तिथे भारताच्या कितीतरी पट चालला. त्याच डिसेंबरात ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ तिथे आपटला. जपानची वाट संथ आहे: रजनीकांतचा ‘मुथू’ तिथे १९९८ साली लागला होता आणि ‘आरआरआर’ २०२२ च्या ऑक्टोबरात लागून महिनोन्महिने उतरला नाही, दोन अब्ज येनच्या वर गेला. माझ्या मते शिकायला जपान घ्यावा. तिथे पहिल्या तीन दिवसांवरून काही कळत नाही.

आता आपल्या किनाऱ्यावरच्यांना जे हाताशी आहे ते. सिनेमाची खरेदी-विक्री बघायला फ्रान्समधलं कान किंवा बर्लिनच गाठायला हवं असं नाही. एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बाजार २००७ पासून गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीने नोव्हेंबरात भरतो. २०२५ पासून नाव ‘वेव्ह्ज फिल्म बाजार’. कुडाळहून गाडीने थिवी किंवा करमळी, तिथून बसने पणजी. प्रतिनिधी म्हणून जायची फी विद्यार्थ्याला जड वाटेल, म्हणून मी पहिल्या वर्षी एका ओळखीच्या निर्मात्याची मदतनीस म्हणून गेले, पत्रकं वाटायला. व्ह्यूइंग रूममध्ये रांगेने संगणक, कानाला हेडफोन लावून बसलेले खरेदीदार. एक बाई, बहुधा युरोपातल्या, एकेका सिनेमाची दहा मिनिटं बघायच्या, वहीत दोन शब्द लिहायच्या, पुढचा. तिसरा सिनेमा त्यांनी शेवटपर्यंत बघितला आणि उठल्यावर पहिला प्रश्न विचारला तो कथेबद्दल नव्हता: “कोणत्या टेरिटरी अजून मोकळ्या आहेत?”

सेल्स एजंट म्हणजे आपला दलालच, वाईट अर्थाने नाही. तो देशोदेशीचे हक्क तुकड्यांनी विकतो आणि कमिशन घेतो. ‘एमजी’ म्हणजे खरेदीदाराने आधीच मोजलेली हमीची रक्कम. तिच्यावरची वसुली झाली तरच पुढचा वाटा. कलमाच्या बागा मोहोर बघून ठोक्याने देतात ना, तसंच काहीसं. गावातल्या मुलांना हे शब्द परके वाटतात, व्यवहार नाही. फक्त इंग्रजीत बोलायची भीती घालवा. मी हॉटेलच्या बाहेर, मिरामारच्या वाळूत उभी राहून वाक्यं पाठ करायचे.

पगाराबद्दल सगळे विचारतात. सुरुवातीचा पगार मुंबईच्या खोलीभाड्यात जातो, हे धरून चला. आता मी आठवड्यातले चार दिवस देवगडहूनच काम करते. पावसात लाइट गेली की बॅटरीवर, आणि रेंजसाठी मागच्या पडवीत.

कोणी शिकायला आलं तर मी एकच काम देते. पुढच्या शुक्रवारी लागणारा कुठलाही सिनेमा घ्या. चार आठवडे त्याचा रोजचा आकडा लिहा, प्रत्येकापुढे ग्रॉस की नेट, कोणतं चलन, कोणती टेरिटरी. मग वरच्या हिशोबाने शेअर काढा. गेल्या पावसाळ्यात वेंगुर्ल्याच्या एका मुलाने हे केलं आणि चौथ्या आठवड्यात फोन केला, “ताई, ह्यातून निर्मात्याचो खर्च तरी सुटता काय?” त्याला म्हटलं, वही घेऊन ये, बसू.