चीनमध्ये 'मांस नको' एवढ्यावर भागत नाही: खाण्याच्या आणि भाषेच्या या चुका टाळा

ग्वांगचौच्या कॅन्टन फेअरला, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यापारी मेळ्याला, पहिल्यांदा गेलो तेव्हा 'बू याओ रोउ', म्हणजे 'मांस नको', एवढं घोकून गेलो होतो. वांग्याची भाजी मागवली आणि दुसऱ्याच घासाला खिमा लागला. वाढणाऱ्या बाईंनी फसवलं नव्हतं. तिथे नुसतं 'रोउ' म्हटलं की बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे डोळ्यांपुढे येतात. चवीपुरता खिमा, चरबीतली फोडणी, कोंबडीचं पाणी, ऑयस्टर सॉस, सोडे हे सगळं त्या शब्दात येईलच असं नाही.

म्हणून 'वो छर सू', मी शाकाहारी आहे, इथून सुरुवात करा आणि पुढे एकेक पदार्थ नाव घेऊन नाकारा. अंडं चालतं की नाही, तेही वेगळं सांगा. ही सगळी यादी तुम्ही उतरलेल्या हॉटेलच्या काउंटरवर चिनी लिपीत लिहून घ्या, तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा.

तोंडी सांगण्यावर भिस्त ठेवणं ही दुसरी मोठी चूक. चिनीत सूर बदलला की अर्थ बदलतो. 'थांग' वरच्या सुरात सपाट म्हटलं तर सूप, सूर चढवत नेला तर साखर. आपल्या कानाला तो फरक पटकन कळत नाही. शिवाय ग्वांगचौत घरोघरी कँटोनीज बोलतात. लिहिलेलं मात्र बीजिंगपासून ग्वांगचौपर्यंत सगळीकडे वाचता येतं.

पदार्थाच्या नावावरही जाऊ नका. 'यू-श्यांग' वांग्याच्या नावात मासा आहे, पण भाजीत मासा नसतो. खिमा मात्र बऱ्याचदा असतो. मापो तोफू या सोयाबीनच्या पनीरच्या भाजीतही खिम्याचा तोच प्रकार. उलट बौद्ध शाकाहारी उपाहारगृहांत मेनूवर बदक आणि हॅम दिसलं तरी घाबरू नका, ते सोयाबीन आणि गव्हाच्या ग्लुटेनचं असतं. शांघायचं गोंगदलिन १९२२ पासून असं जेवण देतंय. मठांच्या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य असल्यामुळे जैन मंडळींची मोठी सोय होते. फक्त तिथे बटाटा आणि इतर कंद वापरतात, तेवढं विचारून घ्या.

'चिंगजन' अशी पाटी म्हणजे मुस्लिम खाणावळ. तिथे डुकराचं मांस नसतं, पण लानचौ नूडल्सचं पाणी गोमांसाचं असतं. गोमांस न खाणाऱ्यांची इथे हमखास चूक होते.

सिचुआनी जेवणाने जीभ बधिर झाली तर ॲलर्जी समजून घाबरू नका. तो 'हुआ-ज्याओ'चा गुण. कोकणातल्या आपल्या तिरफळाचंच ते भावंड, त्यामुळे बांगड्याच्या आमटीवर वाढलेल्यांना ती झिणझिण ओळखीची वाटेल. 'बू याओ ला', म्हणजे 'तिखट नको', म्हटल्याने फक्त तिखट कमी होतं. बधिरपणा नको असेल तर हुआ-ज्याओचं नाव घेऊन नको म्हणा.

काहीच सुचेना तर टोमॅटो-अंडं (शी-होंग-शर छाओ जी-दान) किंवा बटाट्याच्या किसाची आंबट-तिखट भाजी मागवा. दोन्ही जवळपास सगळीकडे मिळतात. यादी मात्र इथेही दाखवा. भात बऱ्याचदा शेवटी येतो, म्हणून 'मी-फान', म्हणजे भात, आधीच मागा.

मोबाइलची तयारी चीनमध्ये उतरल्यावर करू म्हणाल तर अडकाल. गूगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या वायफायवर चालत नाहीत; भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर सहसा चालतात. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन उतरवून घ्या. पैसे देण्याच्या अलीपे ॲपला कार्ड घरूनच जोडा, म्हणजे बँकेचा ओटीपी अडत नाही. बऱ्याच ठिकाणी मेनू क्यूआर कोडवरच असतो आणि तोही चिनीत. स्क्रीनशॉट काढून त्याचं भाषांतर करा.

बॅगेत ताजी फळं, भाज्या, दूध-दही-चीज नेऊ नका, कस्टममध्ये काढून घेतात. इन्स्टंट पोहे आणि उपम्याची पाकिटं मात्र जरूर न्या. नळाचं पाणी पीत नाहीत, पण उकळतं पाणी, 'खाय-श्वेय', कुठेही मिळतं. रेल्वेच्या डब्यातसुद्धा त्याचा नळ असतो, तिथे पाकीट भिजवलं की पाच मिनिटांत जेवण तयार.