वंशावळीत पणजीचा पत्ता लागत नाही? बेळगाव भागात असं शोधा

पहिलं घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला पणजीचं माहेर विचारा, लग्नात नाव बदललं की कागदावर शोधायला लई अवघड जातं. मग हेळवी, म्हणजे घराण्यांची वंशावळ ठेवणारे, गाठा, त्यांच्या वहीत घराण्याच्या पिढ्या असतात, बायकांची नावं नसली तरी "लेक कुठल्या गावात दिली" हे मुद्दाम विचाराच. नाशिकला तीर्थोपाध्यायांकडं आडनाव-गाव सांगून नामावळी बघा.

तहसीलदार कचेरीत जुन्या जन्म-मृत्यूच्या आणि वारसा नोंदी मागा. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळं बरेच जुने कागद मोडी लिपीत असतात, वाचणारा सोबत न्या, नंतरचे कन्नडात. नावापुढं 'कोम' दिसलं की पुढचं नाव नवऱ्याचं. पणजोबा वारल्यावर जमिनीला वारस लावताना विधवा म्हणून तिचं नाव येऊ शकतं, माझ्या मते हीच नोंद सगळ्यात मोलाची, नक्कल काढून घ्याच.