हरियल पानाआड बसला असेल तर

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर एका वडाला फळं पिकली की सकाळी सातच्या आत हरियलांचा, म्हणजे हिरव्या कबुतरांचा, थवा उतरतो. झाडाखाली उभं राहिलं की फळं टपाटप पडतात, पण पक्षी काही केल्या दिसत नाही. आपला राज्यपक्षी, अंगावर हिरवा-पिवळा रंग, आणि बसणार हिरव्या-पिवळ्या पानांत! माझ्या हार्ड डिस्कमध्ये असे दोनशेच्या वर फोटो पडून होते.

त्यातला एक ४ बाय ६ च्या प्रिंटवर काढून शेजारच्या ड्रॉइंग मास्तरांना दाखवला. मास्तरांना पक्ष्यांतलं काही कळत नाही, म्हणून तर दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि उजव्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या आभाळाच्या ठिपक्यावर अंगठा ठेवला. "आता पाह्य. हे पांढरं काऊन ठेवलं बे?" अंगठ्यानं ठिपका झाकला आणि हरियलाचं डोकं एकदम दिसायला लागलं. तीन संध्याकाळी मी पक्ष्यालाच उजळवत बसलो होतो.

तेव्हापासून मी आधी उजळ ठिपके शोधतो. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून अंगठ्याएवढा लहान करायचा. पक्ष्याआधी जिथे नजर जाते, तिथे काम आहे. आभाळ पूर्ण जळालेलं, म्हणजे तपशील जाऊन नुसतं पांढरं झालेलं असेल, तर हायलाइट्स (उजळ भागांचा स्लायडर) ओढून उपयोग नाही, पांढऱ्याचं मळकट राखाडी होतं. तेवढं क्रॉप करा. पानावरची चमक असेल तर ब्रशनं मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, हायलाइट्स खाली घ्या.

मग रंग. इथे हरियल चांगलाच दमवतो. सगळ्या फोटोचं पिवळं-हिरवं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) उतरवलं तर पानांबरोबर पक्षीही फिका पडतो. म्हणून आधी पक्ष्याचा मास्क. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरचं 'सिलेक्ट सब्जेक्ट' अशा फोटोत एखादं पानही पक्ष्यात धरतं; ते ब्रशनं वजा करा, पायांची बोटं सुटली असतील तर जोडा. मास्कची प्रत काढून उलटा करा आणि फक्त पानांचं सॅच्युरेशन दहा-पंधरानं कमी करा, उजेड जरासा उतरवा. पक्ष्याच्या मास्कमध्ये टिंट (हिरवा ते मजेंटा स्लायडर) थोडा मजेंटाकडे, म्हणजे गुलाबी-जांभळ्याकडे, न्या, कारण पानांतून गाळून आलेला उजेड त्याच्या राखाडी डोक्यावर हिरवी झाक चढवतो. डोकं राखाडी, खांद्यावरचा डाग जांभळट आणि पाय हळदीसारखे पिवळे दिसले की थांबा.

समोर धूसर झालेलं पान पुसू नका. त्याची क्लॅरिटी (कडांचा ठळकपणा) आणि रंग कमी केला की ते पडद्यासारखं मागे सरतं. मी एकदा चोचीवरची काडी क्लोन करून, म्हणजे शेजारचा भाग तिच्यावर चढवून, फोटो स्पर्धेला पाठवला. शेवटच्या फेरीत त्यांनी रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ फाइल) मागितली आणि फोटो बाद झाला. चूक माझीच होती, नियमात साफ लिहिलं होतं. डोळाच पानाआड असेल तर मात्र फोटो ठेवायच्या भानगडीत पडू नका. डोळा दिसत असेल तर त्याचं एक्सपोजर (उजेड) पाव स्टॉप, म्हणजे जरासंच, वाढवा. त्यात नसलेली चमक रंगवू नका.

अभिप्राय मागताना "कसा वाटला?" विचारलं की "मस्त" एवढंच मिळतं. "पहिल्यांदा काय दिसलं?" विचारा आणि गप्प बसा. पक्षी कुठे आहे ते बोटानं दाखवलंत तर त्या माणसाचं मत वाया गेलं, त्याला तो फोटो पुन्हा कोरा बघता येत नाही. म्हणून मी मास्तरांना एका फोटोची एकच प्रिंट दाखवतो, तीही एडिटिंगनंतर चार दिवस झाकून ठेवून.

परवा नवी प्रिंट दिली. मास्तरांनी अंगठा उचलला, कोपऱ्यात नेला, पुन्हा खाली घेतला. "पाखरू दिसलं," म्हणाले, "पण त्या डाव्या फांदीचं काय?"

फांदी मी पाहिलीच नव्हती.