माल्टा पडले असते तर: जर-तरचा इतिहास कसा रचावा

दुसऱ्या महायुद्धात अक्ष राष्ट्रांचा वरचष्मा झाला असता तर? या प्रश्नावर लिहायला बसणारे बहुतेक जण शेवटापासून सुरुवात करतात. लंडनवर स्वस्तिकाचा झेंडा आधी फडकतो, मग तिथवरचा रस्ता मागाहून बुजवला जातो आणि वाचकाला ठिगळे दिसतात. त्यापेक्षा आधी एक फाटा, म्हणजे इतिहास जिथून वेगळ्या वाटेला लागू शकला असता असा क्षण, शोधा आणि तिथून एकेक दिवस पुढे चाला. इथे एकच उदाहरण घेतले आहे: १९४२ चा उन्हाळा आणि भूमध्य समुद्र.

फाटा कुठे काढायचा

चांगला फाटा लहान असतो आणि त्या काळच्या माणसांनी त्याचा खरोखर विचार केलेला असतो. एप्रिल १९४२ च्या अखेरीस हिटलर आणि मुसोलिनी यांचे ठरले होते की आफ्रिकेतला जर्मन सेनापती रोमेल याने आधी लिबियातले तोब्रुक बंदर घ्यावे, मग थांबावे आणि सगळे बळ माल्टा बेटावर वळवावे. माल्टा हा ब्रिटिशांचा तळ होता आणि इटलीहून आफ्रिकेला रसद नेणाऱ्या जहाजांवर तिथून हल्ले होत. जर्मनांनी या मोहिमेला हर्क्युलिस नाव दिले होते. २१ जूनला तोब्रुक पडले, ब्रिटिशांच्या बाजूचे सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले. रोमेलने थांबण्याऐवजी इजिप्तमध्ये घुसायची परवानगी मागितली, ती मिळाली आणि माल्टाची मोहीम कायमची मागे पडली.

इथे ‘हिटलरने परवानगी नाकारली’ एवढे लिहून भागत नाही. मे १९४१ मध्ये ग्रीसच्या क्रीट बेटावर छत्रीधारी सैनिकांची झालेली हानी त्याच्या मनातून गेलेली नव्हती. इटालियन नौदल ऐन वेळी माघारी फिरेल अशीही त्याला धास्ती होती. अशा माणसाचे मन लेखकाच्या सोयीसाठी बदलले की कथा तिथेच पडते. मन तसेच ठेवा, परिस्थिती बदला.

रोमेल पुढे जाऊ शकला तो बऱ्याच अंशी तोब्रुकमध्ये हाती लागलेल्या पेट्रोल, अन्न आणि वाहनांवर. २० जूनच्या सकाळी हल्ला झाला तो आग्नेय बाजूला, ११ व्या भारतीय ब्रिगेडवर. तिथे मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती. ही फळी संध्याकाळपर्यंत टिकली आणि तेवढ्यात बंदरातले साठे पूर्ण जाळता आले, असे धरा. तोब्रुक तरीही पडते, पण रोमेलकडे पुढे जायला पेट्रोल उरत नाही. मग माल्टा हाच एक मार्ग राहतो. सैनिकांच्या चिवटपणातून पुढे अधिक वाईट दिवस येतात, हे लिहायला जड जाईल, पण फाटा खरा वाटतो तो याचमुळे.

मिळालेल्या फायद्याची किंमत लावा

वहीत तीन रकाने आखा: तारीख, प्रत्यक्षात काय झाले, तुमच्या कथेत काय होते. दर आठवड्याला एक ओळ पुरते. तिसऱ्या रकान्यात अक्ष राष्ट्रांना काही मिळाले की त्याच ओळीत त्यांनी काय गमावले तेही लिहा. जुलैत माल्टावर उतरायचे तर वाहतुकीची विमाने, तिथला जर्मन हवाई सेनापती केसेलरिंग याची बॉम्बफेकी विमाने आणि इटालियन नौदलाचे तुटपुंजे इंधन तिकडे जाणार. तेवढे आठवडे रोमेल सीमेवर बसून राहणार आणि ब्रिटिशांना सुरुंग पेरायला उसंत मिळणार. माल्टाची शेते लहान, दगडी बांधांनी वेढलेली, म्हणजे सैनिक उतरवणारी बिनइंजिनाची ग्लायडर विमाने उतरताना फुटणार. बेट जिंकल्यावर अडीच लाखांहून जास्त उपाशी लोक विजेत्याच्या गळ्यात पडतात. प्रत्यक्षात १५ ऑगस्टला ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज मोडक्या अवस्थेत बंदरात पोचले तेव्हा बेट तगले. त्या ब्रिटिश रसद-ताफ्यातल्या १४ मालवाहू जहाजांपैकी ५ पोचली होती. तुमच्या कथेत तो ताफा निघतच नाही, तेव्हा हे धान्य कुठून येते ते सांगा.

टनांचे गणित

इथे घाई करू नका. माल्टा पडले की रसद इटलीहून आफ्रिकेच्या बंदरापर्यंत येते, आघाडीपर्यंत नाही. तोब्रुक ते इजिप्तमधले अल अलामेन, जिथे ब्रिटिशांनी रोमेलला अडवले, हे अंतर ५०० किलोमीटरहून जास्त आहे.

जर्मन नियोजनात वाळवंटातल्या एका मोटार डिव्हिजनला रोज सुमारे ३५० टन माल धरला जाई. दोन टनी ट्रक असतील तर रोज १७५ खेपा. दिवसाला २०० किलोमीटर चाल धरली तर जायला अडीच दिवस, यायला अडीच, चढ-उतारीला एक, म्हणजे एका खेपेला सहा दिवस. १७५ गुणिले ६, म्हणजे १,०५० ट्रक. धुळीने आणि स्प्रिंगा तुटून तिसरा हिस्सा दुरुस्तीत असतो, तेव्हा साधारण १,६०० ट्रक हवेत, तेही एकाच डिव्हिजनसाठी. शिवाय हे ट्रक स्वतः पेट्रोल पितात.

म्हणून रोमेलला थेट कैरोत नेऊ नका. प्रत्यक्षात १ जुलैला तो अलामेनला आला तेव्हा त्याच्याकडे चालते जर्मन रणगाडे ५५ च होते, आणि देर अल शेन इथे १८ व्या भारतीय ब्रिगेडने त्याचा अख्खा दिवस खाल्ला. तुमच्या कथेत त्याने सप्टेंबरपर्यंत थांबून, साठा करून निघावे. मात्र त्याच सुमारास रूझवेल्टने देऊ केलेले ३०० शर्मन रणगाडे सुएझला उतरतात. ही शर्यत म्हणजेच तुमची कथा. तिला निदान तीन प्रकरणे द्या.

शत्रूलाही डोके असते

ब्रिटिश गुप्तलेखन तज्ज्ञ इटालियन जहाजांचे संदेश वाचत होते. माल्टा गेले तरी ते वाचन चालूच राहते, फक्त हल्ला करायला जवळचा तळ नसतो. उलट, कैरोतील अमेरिकी लष्करी प्रतिनिधीचे अहवाल रोमेलला वाचायला मिळत, ती गळती जूनअखेर बंद झाली. ती चालू ठेवायची असेल तर तो दुसरा फाटा होतो, आणि एका कथेत दोन फाटे म्हणजे लबाडी.

सुएझ गेला म्हणून हिंदुस्थान तुटत नाही. इटली युद्धात उतरल्यापासून इंग्लंडची बहुतेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालूनच येत होती.

माणसे विसरू नका

रणगाड्यांच्या नादात सर्वात जास्त सुटते ते हेच. जुलै १९४२ मध्ये नाझी अधिकारी वाल्टर राउफच्या हाताखाली एसएस या नाझी संघटनेची एक तुकडी अथेन्समध्ये तयार होती. रोमेल पॅलेस्टाईनमध्ये पोचला की तिथल्या ज्यूंची कत्तल करायची, हे तिचे काम. तिथे सुमारे पाच लाख ज्यू राहत होते. लिबियात जादोच्या छावणीत सुमारे २,६०० ज्यू डांबले होते, त्यांतले ५६२ मेले. अक्ष राष्ट्रांचा वरचष्मा लिहिणे म्हणजे हे आकडे वाढवणे. ते परिशिष्टात ढकलू नका, त्या गावांतली माणसे कथेत आणा.

मराठी वाचकासाठी लिहिताना आणखी एक मोह येतो: जर्मन फौजा येतात आणि हिंदुस्थान स्वतंत्र होतो. मे १९४२ मध्ये सुभाषबाबू हिटलरला भेटले, तरी स्वातंत्र्याची जाहीर हमी त्यांना मिळाली नाही. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला तेव्हा तुमच्या कथेत माल्टा पडून काही आठवडे झालेले असतील. ही बातमी मुंबईत पोचल्यावर सरकार अधिक घाबरून अधिक क्रूर होईल की वाटाघाटीला बसेल? यावर एक प्रकरण सहज उभे राहते.

कुठे थांबायचे

वरचष्मा म्हणजे अंतिम विजय नव्हे. १९४४ मध्ये अमेरिकेने ९६ हजारांवर विमाने बनवली, जर्मनीने सुमारे ४० हजार. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोत पहिला अणुस्फोट झाला, आणि माल्टा पडल्याने ही तारीख हलत नाही. जर्मनी तोवर लढत असेल तर पहिला बॉम्ब कुठे पडेल, हे ठरवल्याशिवाय १९४५ मध्ये पाऊल टाकू नका. पहिल्या प्रयत्नात नोव्हेंबर १९४२ पर्यंतच जा. ८ नोव्हेंबरला अमेरिकी आणि ब्रिटिश फौजा मोरोक्को आणि अल्जीरियात उतरल्या. तो निर्णय जुलैच्या शेवटच्या आठवड्यात झाला होता, म्हणजे तुमच्या कथेत माल्टा पडल्याची बातमी हातात असताना. तो तसाच राहतो की बदलतो, हे तिसऱ्या रकान्यात आधी लिहा, मग पहिले वाक्य.