पदवी अडकू नये म्हणून पहिल्या वर्षापासून काय बघायचं

कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेच्या टेबलावर मी 19 वर्षं काढली. शेवटच्या सत्राचे निकाल लागले की पदवीला पात्र ठरलेल्यांची यादी करायचं काम माझ्याकडे यायचं. दर वर्षी काही नावं त्या यादीत बसायची नाहीत, आणि त्यातली बरीचशी मुलं नापास झालेली नसायची. कुणाचा एक विषय घ्यायचाच राहून गेलेला, कुणाची शिस्तपालन समितीपुढची चौकशी अर्धवट पडलेली. एका मुलीच्या हातात पुढच्या प्रवेशाचं पत्र होतं. तिच्या क्रेडिटची, म्हणजे शिकवण्याच्या तासांवरून प्रत्येक विषयाला ठरलेल्या वजनाची, बेरीज पूर्ण होती, उलट चार जास्तच भरत होते. पण दुसऱ्या वर्षाचा दोन क्रेडिटचा एक सक्तीचा विषय तिने घेतलाच नव्हता. काउंटरपलीकडे उभी राहून ती गुणपत्रिकेवर बोट ठेवून पुन्हा पुन्हा मोजत होती. तिला हे पहिल्या वर्षीच कुणीतरी सांगायला हवं होतं.

सुरुवात नियमपुस्तिकेपासून करा. तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेतला, त्या वर्षीची पुस्तिका हवी. अभ्यासक्रम मध्येच बदलतो, वेबसाइटवर नवी प्रत चढते आणि जुनी गायब होते. बहुतेक ठिकाणी तुम्हाला प्रवेशाच्या वर्षीचे नियम लागू असतात, पण तुमच्याकडे तीच प्रत नसेल तर बोलायचं कशाच्या जोरावर? प्रवेश झाला त्याच आठवड्यात ती उतरवून ठेवा. मध्ये वर्षभर खंड पडला आणि नंतर परत आलात, तर नवे नियम लागू होऊ शकतात. अशा वेळी जुन्या कोणत्या विषयाला नवा कोणता विषय समकक्ष धरला, ते लेखी मागून घ्या.

आता क्रेडिट. नुसत्या बेरजेवर कधीही विसंबू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 आणि चार वर्षांच्या पदवीला किमान 160 क्रेडिट आहेत. युरोपच्या पद्धतीत पूर्णवेळ एका वर्षाचे 60 धरतात, म्हणजे तीन वर्षांचे 180. आकडे वेगळे, कारण मोजणीच वेगळी. यूजीसीच्या आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे सत्रात 15 तास व्याख्यान किंवा 30 तास प्रात्यक्षिक. युरोपात तेच 25 ते 30 तासांचं एकूण काम असतं, त्यात घरचा अभ्यासही आला. म्हणून दुसऱ्या विद्यापीठात एखादं सत्र करायला जाणार असाल, तर गुणाकार-भागाकार स्वतः करू नका. तिथले कोणते विषय इथे किती क्रेडिटचे धरणार, याचं पत्र जाण्याआधी घ्या. परत आल्यावर तेच पत्र मिळवायला मुलांना किती फेऱ्या माराव्या लागतात, ते मी रोज पाहिलंय.

एक वही करा. पानावर उभे रकाने आखा: मुख्य विषय, दुय्यम विषय, भाषा, कौशल्य, इंटर्नशिप, ऐच्छिक, तुमच्या पुस्तिकेत असतील तेवढे. दर सत्राचा निकाल लागला की त्या त्या रकान्यात क्रेडिट लिहा. एका रकान्यातले जास्तीचे दुसऱ्यात सरकत नाहीत. त्या मुलीचं नेमकं तिथेच चुकलं होतं. खाली आणखी चार गोष्टी टिपून ठेवा: पास होण्यापलीकडे सरासरी किती लागते, हजेरी किती लागते, पदवी जास्तीत जास्त किती वर्षांत पूर्ण करायची, आणि बाहेरून आणलेले किती क्रेडिट चालतात.

सर्वांत फसवी असते विषयांची साखळी. एखादा विषय फक्त विषम सत्रातच शिकवतात आणि त्याशिवाय पुढचा घेता येत नाही. तो राहिला की वर्षभर थांबणं आलं. म्हणून मांडणी शेवटच्या सत्रापासून मागे करत या: तिथे काय हवं, त्यासाठी आधी काय, त्याच्याही आधी काय. पदवीला एक वर्ष उरलं असताना ऑफिसात अर्ज द्या, “माझे क्रेडिट गटवार तपासून द्यावेत.” काउंटरवरच्या “होईल, होईल” वर थांबू नका, उत्तर ईमेलवर मागा. आम्ही माणसं चांगली असलो तरी बदलून जातो. ईमेल तेवढा राहतो.

वर्तणुकीचे नियम मुलं वाचतच नाहीत, कारण आपण काही वाईट करणार नाही अशी खात्री असते. पण माझ्यासमोर आलेल्या प्रकरणांत मैत्रीखातर केलेल्या गोष्टीच जास्त होत्या. मित्राला आपली असाइनमेंट “फक्त बघायला” दिली, त्याने ती जशीच्या तशी उतरवली, आणि नोटीस दोघांना आली. आपलंच जुनं काम दुसऱ्या विषयाला पुन्हा देणंही बऱ्याच ठिकाणी गैरप्रकारात मोडतं. एआयची मदत किती चालेल हे विषयागणिक बदलतं. शिक्षकांना आधीच विचारा आणि कच्चे मसुदे जपून ठेवा. शोधप्रबंधांसाठी यूजीसीचे 2018 चे नियम स्पष्ट आहेत: दुसऱ्यांच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यावर 40 टक्क्यांपर्यंत दुरुस्त करून पुन्हा द्यायचं, 60 टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द.

रॅगिंगचं हमीपत्र सही करण्याआधी शब्दन् शब्द वाचा. यूजीसीच्या 2009 च्या नियमांत चिथावणी देणाराही दोषी आहे, आणि करणारे ओळखू आले नाहीत तर सामूहिक शिक्षेची तरतूद आहे. “मी फक्त तिथे उभा होतो” हे वाक्य घेऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत. तिथून निघून जा आणि कळवा.

नोटीस आलीच तर घाबरून ती बॅगेत दडवू नका. उत्तराची शेवटची तारीख लगेच लिहून ठेवा. कोणत्या नियमाखाली आरोप आहे आणि पुरावा काय आहे, याची प्रत मागा. आपली बाजू ऐकून घेतली जाणं हा तुमचा हक्क आहे. जे घडलं ते त्याच रात्री, वेळेसकट, स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. चूक केली असेल तर पहिल्याच उत्तरात कबूल करा, समिती ते लक्षात घेते. केली नसेल तर दबावाखाली कबुलीवर सही करू नका. सही करावीच लागली, तर “आरोप मान्य नाही” असं वर लिहून मग करा. उत्तराच्या दोन प्रती न्या, आणि एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती घरी ठेवा. अपिलाची मुदत थोड्या दिवसांची असते, निर्णय हातात पडला त्याच दिवशी ती बघा.

आणि प्रकरण मिटलं की ते बंद झाल्याचं पत्र घ्या. एका मुलाला पहिल्या वर्षी नुसती समज देऊन सोडलं होतं. पत्र कुणी दिलं नाही, त्यानेही मागितलं नाही. तिसऱ्या वर्षी त्याच्या नावापुढे “चौकशी प्रलंबित” असा शेरा तसाच होता. समितीतले दोघे तोवर निघून गेलेले. जुनी फाइल शोधून तो शेरा काढायला आम्हाला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे तो रोज सकाळी ऑफिस उघडायच्या आधी पायरीवर बसलेला असायचा.

शेवटच्या सत्रात नो ड्यूजचा, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा, फॉर्म लवकर फिरवा. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, फी, सगळीकडची सही घ्या. पदवी प्रमाणपत्राचा अर्ज बहुतेक ठिकाणी वेगळा भरावा लागतो, पास झालं की ते आपोआप येतं असं धरू नका. त्या अर्जातलं नाव ओळखपत्राशी अक्षर अक्षर लावून बघा, वडिलांचं आणि आईचं नावसुद्धा. प्रमाणपत्र छापायला जाण्याआधी ती चूक एका अर्जाने सुटते.