फायबर होडीच्या शेडमधे नवीन आहात? मग आधी मोल्डला काय लावायचं ते शिका

आयटीआय करून मालवणजवळ फायबरच्या होड्यांच्या एका शेडमधे लागलो तेव्हा मला वाटायचं खरं काम म्हणजे मॅट (काचतंतूंची चटई) आणि रेझिन (ती घट्ट करणारी राळ), मोल्ड म्हणजे होडीचा साचा पुसून होडी त्याला चिकटू नये म्हणून मेण लावणं हे आपलं नवख्या पोराच्या माथी मारलेलं काम. पहिल्याच महिन्यात शेडमधलं वॅक्स संपलं आणि मी शहाणपणा करून बाजारातून गाडीचं पॉलिश आणलं, डब्यावर वॅक्सच लिहिलेलं होतं की! जेलकोट, म्हणजे मोल्डमधे सगळ्यात आधी मारायचा रेझिनचा रंगीत थर, मारला आणि बघतो तर जागोजागी माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं, जेलकोट तिथून मागे सरकत होता. त्या पॉलिशमधे सिलिकॉन होतं. मिस्त्रीकाका एवढंच बोलले, "मेल्या, ही होडी आसा, मारुती न्हय!" मग अख्खा जेलकोट खरवडून, मोल्ड घासून, परत पहिल्यापासून मेण. दोन दिवस गेले, मजुरी कोणी कापली नाही हेच नशीब.

तर वॅक्स घेताना कार्नोबाचं (एका पामच्या झाडाच्या पानांचं मेण), सिलिकॉन नसलेलं, मोल्डसाठीच बनवलेलं घ्या. नवीन मोल्ड असेल तर सहा-सात हात तरी द्यायचे आणि प्रत्येक हात पातळ. सगळे इथेच फसतात, जाड थापला की जास्त सुटेल असं वाटतं पण होतं उलटंच, जाड मेण पुसलं जात नाही आणि त्याचे ओरखडे होडीच्या अंगावर उमटतात. हात दिला, धूसर झाला की पुसायचं, तासभर थांबायचं, मग पुढचा. शेवटच्या हातानंतर मी तरी रात्रभर ठेवतो.

त्यावर पीव्हीए, म्हणजे पॉलीव्हिनाइल अल्कोहोलचं द्रावण. सुकल्यावर त्याची पाण्यात विरघळणारी फिल्म होते, नवीन किंवा दुरुस्त केलेल्या मोल्डमधून पहिले दोन-चार नग काढेपर्यंत ती हवीच. पण वॅक्सवर एकदम ओला फवारा मारलात तर ती थेंब थेंब होऊन गोळा होते, म्हणून आधी अगदी हलकी धूळ उडवल्यासारखा फवारा, तो सुकल्यावर मग भरीव. आता आपल्या कोकणाची गंमत अशी की मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, त्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आणि नारळी पौर्णिमेच्या आत काम पायजे म्हणून जो तो मागे लागलेला, आणि नेमकं तेव्हाच हवा एवढी दमट की वीस-तीस मिनिटांत सुकणारी पीव्हीए दुपार झाली तरी चिकट. तशीच ओल्यावर जेलकोट मारलात तर सुरकुत्या पडल्याच म्हणून समजा. मालक ओरडला तरी थांबा, परत जेलकोट काढायला लागला तर ओरडा याहून मोठा असतो.

आणि एक, मोल्डमधे खाच उलटी असेल, म्हणजे नग आत अडकून सरळ वर निघणारच नाही अशी, तर जगातलं कुठलंही मेण वाचवत नाही. रायफलचं बेडिंग करणाऱ्यांचंही हेच आहे, लाकडी दस्त्यात एपॉक्सी भरून त्यात ॲक्शन (रायफलची लोखंडी यंत्रणा) घट्ट बसेल अशी बसवतात, काहीजण तर ती चिकटू नये म्हणून साधं बुटाचं पॉलिश लावतात आणि ते चालतंही, पण स्क्रूचं भोक किंवा एखादी खाच मातीने बुजवायची राहिली तर ॲक्शन लाकडातच अडकली. आमच्याकडे एका हॅचच्या (डेकवरच्या तोंडाच्या) झाकणाचं तसंच झालं, शेवटी मोल्ड कापला.

नग सुटत नसेल तर स्क्रूड्रायव्हर घालू नका, मोल्डची कड जाते. लाकडी किंवा प्लास्टिकची पाचर कडेने थोडी थोडी ठोकायची आणि फटीत पाणी सोडायचं, पीव्हीए विरघळून नग आपोआप वर येतो. पाचर ठोकताना घाई नको, चहा घेऊन या.

मेण पुरेसं लागलंय का अशी शंका असेल तर मेण लावलेल्या कोपऱ्यावर मास्किंग टेपचा तुकडा दाबून बघा. नीट चिकटला तर अजून एक हात पायजे. माझ्या खिशात टेपचा रोल कायम असतो, पोरं हसतात, हसू देत.